यशोधराताईंनी न खोडलेली ओळ

आंबेगावच्या पश्चिम डोंगरात उंबरदरा नावाची त्रेचाळीस घरांची वाडी आहे. तिथल्या शाळेत मी चार वर्षं मास्तर होतो. यशोधराताई वाडीच्या आशा कार्यकर्त्या. राहायच्या खालच्या गावात. आठवड्यातून दोनदा तासभर डोंगर चढून वर यायच्या, गरोदर बायांची वजनं घ्यायच्या, बाळांच्या लसीची तारीख बजावून जायच्या. अकरा वर्षं हेच. वाडीला दुसरा डॉक्टर नव्हताच.

वाडीत प्रत्येक दारापुढं सिमेंटचा खांब आणि खांबाला नळ होता. पाणी मात्र एकाही नळाला कधी आलं नव्हतं. खालून पाणी चढवणारी मोटरच बसवलेली नव्हती. तरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शंभर टक्के घरांना नळाचे पाणी’. डोंगराच्या कडेवर उभं राहिलं की खाली धरणाचं निळं पाणी दिसायचं. ते पाणी पार कळंबच्याही पुढं उसाला जायचं. आणि धरणाच्या उशाला राहणाऱ्या बायका मार्च उजाडला की ओढ्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. त्याच झिऱ्यावर गुरं, वानरं, सगळीच यायची. याची लाज कुणाला वाटायला हवी होती? वाटली नाही, एवढं खरं.

पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या ताईंना मिळाल्या होत्या. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, ते काळं पडलं तर पिऊ नये. झिऱ्याचं पाणी त्यांनी तीनदा तपासलं, तिन्ही वेळा ते काळं पडलं. ताईंनी तिन्ही वेळा ग्रामसेवकांना लेखी कळवलं. ग्रामसेवक म्हणाले, “मोटर बसली की प्रश्न मिटला. उगाच कागद वाढवू नका.”

मेच्या सुट्टीतही मी वाडीतच होतो, तेव्हा वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चार दिवसांत सतरा माणसं आडवी झाली. क्षारसंजीवनीची पाकिटं पहिल्याच दिवशी संपली. ताई घरोघर पाणी उकळायला लावून मीठ-साखर कालवून पाजत फिरल्या. त्या चार दिवसांत त्या घरी गेल्याच नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात पाठ टेकायच्या.

सगळ्यात वाईट अवस्था चिमाबाईची झाली. चिमाबाई वाडीची सुईण. वाडीतली अर्धीअधिक माणसं तिच्या हातावर जन्मलेली. अँब्युलन्स वर चढत नाही, कारण रस्ता नाही. म्हणून तिचा मुलगा कुंडलिक आणि आम्ही तिघांनी घोंगडीची झोळी केली आणि तिला फाट्यापर्यंत उतरवलं. फाट्यावर दीड तास गाडीची वाट पाहिली. ताई तिच्या ओठांना चमच्यानं पाणी लावत होत्या. गाडी वळणावर दिसली तेव्हा चिमाबाई गेलेली होती.

ताईंनी अहवाल भरला. मृत्यूचं कारण या रकान्यात लिहिलं, ‘जुलाब-उलट्या. झिऱ्याचे दूषित पाणी.’

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून एक साहेब शाळेत आले. ताईंची अहवालाची वही उघडून म्हणाले, “बाईंचं वय काय होतं?”

“बहात्तर,” ताई म्हणाल्या.

“मग ही ओळ खोडा. वृद्धापकाळ लिहा.”

“सायेब, आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्या डोक्यावर सरपणाचा भारा घिऊन आल्या व्हत्या. म्हातारपण काय एका रात्रीत येतं व्हय?”

“ताई, ही वाडी कागदावर नळाचं पाणी पिते. तुमची ओळ वर गेली तर चौकशी लागेल, आणि पहिलं नाव तुमचंच निघेल.”

“निघू द्या. म्या बाटल्यांचे तिन्ही कागद दिलेत, पोच हाय माज्याकडं. खोडायचंच आसंल तर तुमी खोडा, आन् खाली सही करा.”

साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि चहा न घेताच गेले. माझ्या देखत घडलं हे. एका माणसाचं मरण कागदावरून पुसायला आलेला माणूस सहीला घाबरला.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. ताई घरोघर सांगून आल्या आणि वाडीच्या बायका पहिल्यांदाच सभेला उतरल्या. ग्रामसेवकांनी डोकी मोजली, गणसंख्या पुरी नाही म्हणाले आणि सभा तहकूब केली. युक्ती जुनीच. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. चारदोन माणसांत ती गुपचूप उरकता येते.

ताईंनी उभं राहून विचारलं, “भाऊ, तहकूब सभा कवा हाय ते आत्ताच सांगा. तिला आमी आलेलं चालंल ना?”

ग्रामसेवकांना तारीख सांगावीच लागली. त्या दिवशी बायका पुन्हा उतरल्या, आणि यावेळी खालच्या गावातल्याही आल्या. ताईंनी सतरा नावं वाचली, शेवटी चिमाबाईचं. कुंडलिक एवढंच म्हणाला, “आमच्या नळाला पानी न्हाई, ह्ये लिवा. लिवल्याबिगर आमी उठत न्हाई.” दोन तासांनी ठराव लिहिला गेला. प्रत्येक बाईनं सही नाहीतर अंगठा केला.

ठरावाची प्रत ताई स्वतः जिल्ह्याला देऊन आल्या. मग पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि पिण्यास अयोग्य ठरला. फाट्यापर्यंत टँकर यायला लागला. फेब्रुवारीत मोटर बसली. आता एक दिवसाआड नळाला पाणी येतं आणि टाकीत औषध टाकलं जातं. एका म्हातारीचा जीव गेल्यावर जे नऊ महिन्यांत झालं, ते आधीच्या तीन कागदांवर का झालं नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ताईंना मात्र कारणे दाखवा नोटीस आली. परवानगीवाचून माहिती बाहेर दिल्याचा ठपका होता. त्यांनी एका पानाचं उत्तर धाडलं. पुढं काही झालं नाही. कुणी त्यांची किंवा कुंडलिकची माफीही मागितली नाही.

फाट्यापर्यंतच्या रस्त्यासाठी त्यांनी आता अर्ज केला आहे. परवा फोनवर विचारलं तर म्हणाल्या, “वाडीतल्या आरतीला सातवा म्हयना लागलाय मास्तर. पावसाच्या आत रस्ता पायजे. न्हाई झाला तर तिला आत्ताच खाली माज्या घरी आणून ठिवते.”