दुसरं कुणी नसेल तर

मी अमेरिकेला निघाले तो दिवस पंचांगात वाईट होता. विमान कंपनीला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझे बाबा वाईत भिक्षुकी करतात आणि मुहूर्ताशिवाय शिंकतही नाहीत, तेव्हा त्यांनी तोड काढली. आदल्या दिवशी चांगली वेळ साधून माझी एक बॅग शेजारच्या जोशीकाकूंकडे नेऊन ठेवली. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान मुहूर्तावर निघालं म्हणजे माणूसही निघालं असं धरायचं. दुसऱ्या दिवशी नमस्कार, हातावर दही, रडारड सगळं यथासांग पार पडलं आणि खंबाटकी घाट ओलांडल्यावर आईला आठवलं की बॅग अजून जोशीकाकूंकडेच आहे. गाडी वळवली. ड्रायव्हर मनातल्या मनात काय म्हणाला असेल ते इथे लिहीत नाही. बाबा मात्र शांत होते. "वेळेवर निघाली ती तेवढी बॅगच," म्हणाले. विमान मिळालं, म्हणून आज हसून सांगते आहे.

निघाले होते पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, पीएचडी करायला. मध्ययुगातल्या प्लेगनं इंग्लंडचा समाज कसा बदलला, हा माझा विषय. "जिवंत माणसांवर काही नव्हतं का गं?" आई अजून विचारते.

आहे की, जिवंत माणसांवरच आहे! गावंच्या गावं ओस पडली, हे खरं. पण मला ओढ आहे ती त्यातून जगलेल्यांची. कामाला हात कमी पडले आणि मजुराला एकदम भाव आला. जमीनदार घाबरले. मजुरी जुन्याच दरानं घ्या, गाव सोडून जाऊ नका, असा कायदा झाला. लोकांनी कोयता उचलला आणि जास्त देणारं गाव गाठलं. शिकागोजवळ शॉमबर्गला आयटीत असलेल्या माझ्या मित्राला, निखिलला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "यार, म्हणजे सरळ जॉब स्विच!"

पाद्रीही धडाधड गेले. मरताना आपल्या पापांची कबुली ऐकायला कुणी नाही, या भीतीनं लोक कासावीस झाले. तेव्हा एका बिशपनं कळवलं की पाद्री मिळत नसेल तर कबुली साध्या माणसाजवळ द्या, आणि दुसरं कुणी नसेल तर बाईजवळही चालेल. लायब्ररीत हे वाचलं आणि मला आमची वाईची ओटी दिसायला लागली.

त्या ओटीवर बाबांकडे याज्ञिकी शिकायला मुलं यायची. मी आत भाजी निवडत ऐकायचे आणि कुणी अडखळलं की आतूनच पुढचा शब्द ओरडायचे. बाबा कौतुकानं हसायचे. "पाठ छान आहे गं तुझा," म्हणायचे, "पण तो घेऊन करणार काय?" ते प्रेमानंच म्हणायचे, पण मला फार लागायचं. हे काम तुझंही आहे, असं त्यांनी एकदा तरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. प्लेगचा विषय का घेतला, याचं प्राध्यापिकेला दिलेलं उत्तर वेगळं आहे. खरं उत्तर हे.

गेल्या हिवाळ्यात याच निखिलचं माझ्या रूममेटशी, सायलीशी लग्न ठरलं. आमच्याच अपार्टमेंटमध्ये, घरच्या घरी. सायलीचे आईवडील नागपूरहून आले. गुरुजी लांबच्या शहरातून ड्राइव्ह करून येणार होते. सकाळी उठून बघतो तर बाहेर गुडघाभर बर्फ.

"गुरुजींनी कॅन्सल केलं यार! हायवे बंद आहे," सायली पैठणी नेसून रडायच्या बेतात. तिची आई माझ्याकडे वळली. "मंजू, तुला येते ना सारं? मग लाव ना तू. काहून घाबरते?" मी सायलीच्या वडिलांकडे, काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीबाहेरचा बर्फ पाहिला, मुलीचा चेहरा पाहिला, घसा खाकरला. "लाव बाप्पा, लाव," म्हणाले.

मग काय विचारता! अंतरपाट म्हणून नवी चादर धरली, तिला दुकानाचा टॅग तसाच लोंबत होता. मंगलाष्टकं झाली, हार घातले. होमासाठी अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे मांडला आणि पहिल्या आहुतीलाच स्मोक अलार्म किंचाळायला लागला. सगळं वऱ्हाड ट्रेसकट पार्किंग लॉटमध्ये. पैठणीखाली बर्फातले बूट घालून सायली सप्तपदी चालली. कॅम्पसची बस तिथेच थांबली होती, तिचा ड्रायव्हर प्रत्येक पावलाला हॉर्न वाजवत होता. माझ्या गळ्यातून बाबांची चाल जशीच्या तशी बाहेर पडत होती आणि मी इतकी खूश होते की थंडी वाजायचीच राहून गेली.

व्हिडिओ फिरत फिरत वाईला पोचला. बाबांचा फोन आला. "उच्चार स्वच्छ आहेत," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "आपद्धर्म म्हणून चालतं हे." झालं! म्हणजे आमचे बाबा आणि तो बिशप एकाच माळेचे मणी. तिकडेही साथ ओसरली, नवे पाद्री आले आणि बाईला पुन्हा कुणी विचारेनासं झालं. दोन दिवस मी फणकाऱ्यातच वावरत होते.

परवा पुन्हा फोन. "डिसेंबरात येतेस ना? माझी साठीशांत करायचीय. मी यजमान, पाटावर बसणार. मंत्र तू सांग."

आमच्या घरचं कार्य एरवी विष्णुगुरुजी सांगतात, म्हणून मला पटकन शंका आली. "का? विष्णुगुरुजी गावाला गेलेत?"

"छे, इथेच आहेत."

"मग तब्येत बरी नाही का त्यांची?"

"ठणठणीत आहेत. त्यांना जेवायला बोलावलंय."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही वाहू दिलं. गुरुजी हाकेच्या अंतरावर आहेत, धडधाकट आहेत, आणि तरी बाबांना मी हवी आहे.

तुम्ही तिकडे राहिलेले आणि इकडे आलेले, दोघंही मला विचारता, आता घर कुठलं वाटतं? इथे बर्फात ज्यांनी मला "लाव" म्हटलं ती माणसं माझ्या घरचीच आहेत. वाईच्या घरात मात्र मी इतकी वर्षं आतून ऐकत होते, आता ओटीवर येऊन बसणार आहे. बाबा समोर पाटावर असतील, हातात पळी घेऊन, आणि मी "आचमन करा" म्हणेपर्यंत त्यांना थांबावं लागेल. मी त्यांना जरा थांबवणारच आहे.