लोखंडातली उजेडाची रेघ

मॅडमच्या टेबलावर कागद दाबायला लोखंडाचे दोन तुकडे असतात, एकमेकांत बसणारे. सकाळी भीतभीत केबिनमध्ये गेलो, तेव्हा त्या ते खिडकीसमोर धरून बघत होत्या. मधल्या फटीतून उन्हाची रेघ येत होती.

आसाममधल्या या पुलाच्या मॅडम मुख्य इंजिनिअर. आपल्याकडच्याच सरकारी विद्यापीठात शिकलेल्या, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतात. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये सगळ्यांनाच असे तुकडे, मधून उजेड दिसणार नाही इतके, कानशीने घासून जुळवावे लागतात, म्हणाल्या. त्यांच्या शेजारी घासणारा एक जण आता रॉकेटचे भाग बनवतो, एक मैत्रीण वीजकेंद्र सांभाळते. हाताला फोड आलेली ती पोरं कुठकुठे पोचली, याचं मला फार नवल वाटतं. एकाच खोलीतून निघून कुणी आभाळाकडे गेलं, कुणी या नदीवर आलं.

मी सातवीतून निघालो तो थेट कामाला. इथे क्रेनवर हेल्पर आहे. उद्या क्रेन चालवायची परीक्षा. मॅडमनीच माझं नाव घातलंय. त्यांचे उपकार आठवतात आणि भीती आणखी वाढते.

"मॅडम, नापास झालो तर?"

"अरे, ही माझी तिसरी जोडी. पहिल्या दोन जोड्या वर्कशॉपच्या सरांनी भंगारात टाकल्या. आणि हिच्यातूनही उजेड दिसतोच की."

"मग पास कसं केलं?"

"रेघ बारीक झाली होती ना. धर, बघ."

मी तुकडे खिडकीकडे धरले, एक डोळा मिटला. त्या बारीक फटीतून नदीकाठची क्रेन दिसली. उद्या तिच्यात मी बसणार आहे.