न वाचलेल्या अटी
लेथच्या गरम तेलाचा वास आला की मला कागलच्या एमआयडीसीतली ती बंद पडलेली कंपनी आठवते. माझ्या मित्राला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं होतं, म्हणून तिथलं एक लेथ मशीन आम्ही ऑनलाइन लिलावात घेतलं होतं. तो आठवी शिकलेला, त्यामुळे अटी वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी त्या न वाचताच 'मान्य' दाबलं होतं. टेम्पो घेऊन गेलो तर मशीनची मोटर काढून नेलेली. मित्र लिलाववाल्याच्या अंगावर धावून गेला, "फोटोत मोटर हाय की! चोर हायसा तुमी!" त्या माणसाने नुसता मोबाईल पुढे केला. "अट वाचा. तुम्हीच मान्य केलीय." मित्र माझ्याकडे वळला. "तू वाचलं व्हतंस न्हवं?" "वाचलं की. असलं काय न्हवतंच," मी म्हणालो. मग मित्रानं त्या माणसाचा मोबाईल घेतला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "माल जसा असेल तसा घ्यावा लागेल. फोटो फक्त नमुन्यादाखल." मोबाईल परत देऊन तो टेम्पोत एकटाच चढला. "तुमी बसनं या, पावणं," म्हणाला. अनोळखी माणसाला म्हणतात तसं. आजही रस्त्यात भेटला की तो मला पावणंच म्हणतो, आणि मी खोटं बोललो होतो हे मी अजून कबूल केलेलं नाही.