अकरा तालुक्यांच्या बाई

"दार लाव. अरं, उजनीचं दार लाव म्हणते ना! पंढरपूर बुडालं समदं, अन् तू दात काढतोस व्हय रं माढा?"

शिक्षक म्हणून तो माझा पहिला दिवस. सोलापुरातल्या शाळेच्या फाटकातून एक पाय आत टाकला होता, तो तिथंच राहिला. पंढरपुरात माझी मावशी राहते आणि तिच्याकडे आमची एक पितळी परात कधीची अडकून पडली आहे. गेली परात, एवढंच माझ्या मनात आलं. मावशीचा विचार नंतर आला, पण आला.

मग आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मैदानाच्या मधोमध पदर खोचून, अनवाणी, हातात वेताची छडी घेतलेल्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी, पाण्याच्या टाकीपासून झेंड्याच्या खांबापर्यंत, मातीत कोरलेला सबंध सोलापूर जिल्हा पसरला होता. वरच्या कोपऱ्यातून भीमा आत शिरत होती आणि खालच्या कोपऱ्यातून बाहेर पडत होती. सीना होती, माण होती, नीरा होती. टेकाडं होती, उतार होते. एक सहावीतला मुलगा फुटक्या पाटीचा तुकडा हातात धरून खो खो हसत होता. तो तुकडा म्हणजे उजनी धरणाचं दार.

मी कौतुकानं पुढं झालो, तर छडी माझ्याकडे वळली.

"तितंच थांबा. माळशिरसात उसाला पाणी दिलंय."

"मी नवा गणिताचा शिक्षक."

"असाल की. बूट काढा अन् मग या. जिल्ह्यात कुणी पायताण घालून येत न्हाय."

अशा रीतीनं मी माझ्या नोकरीवर अनवाणी हजर झालो.

बाई इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. मूळच्या मोहोळकडच्या, शेतकऱ्याघरच्या. वर्गात उभ्या राहिल्या की पुस्तकातली मराठी बोलायच्या, इतकी स्वच्छ की 'आहे' म्हणताना 'हे' वेगळा ऐकू यायचा. मैदानात पाय ठेवला की मोहोळची भाषा. आणि आवाज असा की समोरच्या गल्लीतले यंत्रमाग दोन मिनिटं लाजून थांबायचे. मी गणित शिकवतो, त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय नाही. तीन गल्ल्यांतले थांबायचे.

त्या मुलांना नावानं हाक मारायच्या नाहीत. सहावीची मुलं वर्षाच्या सुरुवातीला अकरा गटांत वाटली जायची, एकेका गटाकडे एकेक तालुका, आणि प्रत्येक गटाचा एक सभापती. वर्षभर त्या सभापतीचं नाव तेच. "ए बार्शी, नाक पूस." "मंगळवेढा, दोन दिस कुटं होतीस गं?" हे इतकं मुरलं की एका संध्याकाळी एक आई घाबरीघुबरी फाटकाशी आली आणि शिपायाला म्हणाली, "आमचं अक्कलकोट अजून घरी आलं नाही." शिपाई शांतपणे म्हणाला, "दक्षिण सोलापूरबरोबर गोट्या खेळतंय मागं."

त्या जिल्ह्यात खरी पिकं होती. मंगळवेढ्यात वीतभर ज्वारी डुलायची. माळशिरसात उसाची चार कांडी लावलेली. सांगोल्यात डाळिंबाची एक काटकी होती, तिला वर्षातून एक फूल यायचं आणि त्या दिवशी सहावीला सुट्टी असल्यासारखं वातावरण असायचं. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन येणारा माणूसही वहाणा काढून करमाळ्याच्या कडेनं जायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना बाईंनी बूट काढायला लावले. साहेबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बाईंनी त्या अंगठ्याकडे अजिबात न बघता त्यांना भीमेच्या काठानं अकरा तालुके फिरवलं. जाताना साहेब म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कळलं हो, सांगोल्याला पाणी का चढत नाही." आणि बूट विसरून गाडीत बसले.

इतिहासाची तऱ्हा वेगळी. लढाई कुणी जिंकली हे बाई एका वाक्यात उरकायच्या. मग खडू टेबलावर ठेवून विचारायच्या, "एवढी घोडी गेली. त्यांचा चारा कुणी नेला?" झालं. पुढचे दोन तास चारा. किती घोडी, एक घोडं दिवसाला किती खातं, वाटेतल्या गावांनी काय केलं, गावच्या बैलांनी मग काय खाल्लं. त्यातली बेरीज-गुणाकाराची कटकट माझ्या तासाला यायची. एका परीक्षेत प्रश्न होता, 'किल्ल्याचे महत्त्व लिहा.' एका पोरीनं लिहिलं, 'आतल्या लोकांना वेढ्यात मीठ कुठून मिळायचं हे पुस्तकात दिलेलं नाही, म्हणून महत्त्व सांगता येत नाही.' बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, कपाळाला हात लावला.

पण बाईंचा खरा जीव नागरिकशास्त्रात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे त्या जिल्ह्याला आठवड्याला दोनच बादल्या मिळायच्या, त्याही डबे धुतलेल्या पाण्याच्या. त्या दोन बादल्या कुणाला किती, हे ठरवायला दर शनिवारी लिंबाखाली सभा भरायची. अकरा सभापती, अकरा मतं. बाई कडेला बसायच्या. त्यांना मत नव्हतं. नियम एकच आणि तो दगडावरच्या रेघेसारखा: दुसरी बाजू कुणीतरी उभं राहून मांडल्याशिवाय हात वर करायचे नाहीत. दुसरी बाजू कुणालाच पटत नसेल तर चिठ्ठी टाकायची. ज्याच्या नावाची निघेल त्यानं ती मांडायची, आणि मनापासून मांडायची.

"खोटंखोटं मांडलंस तर पुन्ना मांडायला लावीन," असं त्या म्हणायच्या. आणि लावायच्या.

तर असा हा जिल्हा अकरा वर्षं नांदला. बाईंच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, तेव्हा संस्थेनं ठरवलं की मैदानाला सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. धूळ फार, गणवेश मळतात, पालकांच्या तक्रारी. मोठ्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन हे सांगितलं आणि स्वतःच तोंड पाडून बसले. बाईंनी डब्यातली अर्धी भाकरी तशीच ठेवून झाकण लावलं. बाईंनी भाकरी टाकली हे मी त्या एकाच दिवशी पाहिलं. इतर दिवशी त्या माझीही खायच्या.

पोरांना कळायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी अकरा सह्यांचं निवेदन मोठ्या सरांच्या टेबलावर. त्यांनी ते संस्थेच्या चिटणिसांकडे पाठवलं. चिटणीस मोठा दिलदार माणूस, हसला की खुर्ची हलायची. निवेदनातलं 'आमच्या जिल्ह्यावर सिमेंट घालण्यापूर्वी जिल्ह्याला विचारलेले नाही' हे वाक्य वाचून तो स्वतः शाळेत आला. बूट काढून भीमेच्या काठानं हिंडला, डाळिंबाच्या काटकीशी दोन शब्द बोलला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सभा घ्या बाई. पोरं नको म्हणाली तर ब्लॉक नाहीत. हा माझा शब्द."

जिंकलोच की आपण. पोरंच मत देणार म्हटल्यावर निकाल काय लागणार, हे मोजायला गणिताचा मास्तर लागत नाही. मी त्याच संध्याकाळी दोन किलो पेढे सांगून ठेवले.

बाई मात्र सभापतींना म्हणाल्या, "दुसरी बाजू कोण मांडणार?"

अकराच्या अकरा सभापती लिंबाकडे बघायला लागले. मी हळूच म्हटलं, "बाई, या वेळी राहू द्या की. घरचंच काम आहे."

"अवो सर, घरच्या कामाला तर जास्त लागती," असं म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली सांगोल्याची.

सांगोला म्हणजे दोन वेण्यांची, हडकुळी पोर. वडील मागावर कामाला, घरी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, आणि बाईंच्या संगतीनं मराठी मात्र मोहोळची. जिल्ह्यावर तिचा सगळ्यांत जास्त जीव, कारण डाळिंबाची काटकी तिची. ती रडवेली झाली. बाई म्हणाल्या, "आठ दिस हायत. समद्या वर्गांत फिर. इचार."

शनिवारी सभा भरली. सबंध शाळा लिंबाखाली. चिटणीस खुर्चीवर, मी पेढ्यांची पिशवी मांडीखाली दडवून. दहा सभापती एकामागून एक उठून जिल्ह्याच्या बाजूनं असं काही बोलले की मला वाटलं, विधानसभेनं इथं येऊन शिकवणी लावावी. मग सांगोला उठली. हातात कागद होता, पण तिनं तो पाहिला नाही.

"तिसरीत एक पोरगी हाय. ती वॉकर घेऊन चालती. मातीत तिच्या वॉकरचे पाय रुततात. म्हणून ती मुतारीला जायला समद्या जिल्ह्याला वळसा घालती. मी मोजलं. मदनं गेलं तर माजी सत्तर पावलं व्हतात. तिला तीनशे पडतात."

अक्कलकोट बसल्या जागेवरून म्हणाला, "मग तिला उचलून नेऊ की आमी."

"तुला मुतारीला उचलून नेलेलं चालंल का?"

सगळी शाळा हसली. चिटणिसांची खुर्ची हलली. अक्कलकोट कानापर्यंत लाल झाला. सांगोला हसली नाही.

"आनि ती शाळेत पाणी पीत न्हाय," ती म्हणाली. "सकाळपासनं. पाणी प्यालं की पुन्ना जायला लागंल, म्हणून."

ती खाली बसली. मी बाईंकडे पाहिलं. आठवड्याच्या दोन बादल्यांतला तांब्या न् तांब्या कुठं जिरला हे ज्यांना तोंडपाठ, त्या बाई तिसरीच्या रांगेकडे बघत होत्या. तिथं एक छोटी मुलगी वॉकरला टेकून, आपल्याकडे सगळे का वळून बघतायत या विचारात, वेणीचं टोक चावत होती.

"ब्लॉक बसवावेत, या बाजूनं हात वर," बाई तिकडेच बघत म्हणाल्या. आवाज नेहमीचा. समोरचे माग थांबले की नाही ते माझ्या लक्षात नाही.

सांगोल्याचा हात पहिला. मग थोडा वेळ कुणाचाच नाही. मग बार्शी. मंगळवेढा. माढा, माझ्या पहिल्या दिवशी पंढरपूर बुडवणाऱ्या पोराचा धाकटा भाऊ. अक्कलकोटनं लाल कानांसकट हात वर केला. पाच. मी पिशवी घट्ट धरली. पाच म्हणजे सहाला कमी, जिल्हा वाचला.

तेवढ्यात मोहोळनं, बाईंच्या स्वतःच्या तालुक्यानं, डोळे गच्च मिटून हात वर केला.

"सहा," बाई म्हणाल्या. "विरुद्ध पाच. ठराव मंजूर. लिहून घ्या."

चिटणिसांनी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. बाई माझ्याजवळून जाताना थांबल्या.

"सर, पिशवीत काय हाय?"

"पेढे."

"मग वाटा की. ठराव झालाय."

मी वाटले. दोन किलो पेढे, साडेतीनशे पोरं. अर्धा अर्धा करून पुरले, ते कसे पुरले हे गणितात बसत नाही, तेव्हा विचारू नका.

रविवारी बाईंनी सहावीला डबे घेऊन बोलावलं. प्रत्येकानं आपापल्या तालुक्याची माती आणि पीक मुळांसकट उचलायचं. दुपारपर्यंत सबंध सोलापूर जिल्हा स्टीलच्या डब्यांत भरून शहराच्या पूर्व भागातल्या मागांच्या गल्ल्यांतून घरोघर निघाला. मंगळवेढ्याची ज्वारी रंगाच्या रिकाम्या डब्यात, बार्शी एका फुटक्या कुंडीत. सांगोला डाळिंबाची काटकी ओढणीत गुंडाळून लहान बाळासारखी घेऊन गेली. त्या गल्ल्यांतून गेलात तर अजून गॅलरीतली एखादी आई ओरडताना ऐकू येईल, "अरे, पंढरपुराला पाणी घाल."

सोमवारी कामगार आले. बाई दिवसभर त्यांच्या डोक्यावर उभ्या. उतार कुठून कुठं, पाणी कुठं जाईल, हे त्यांनी असं समजावलं की मुकादम दुसऱ्या दिवसापासून त्यांना विचारल्याशिवाय फावडं उचलेना.

मेमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि मोहोळला गेल्या. निरोपाचा समारंभ त्याच ब्लॉकच्या मैदानावर झाला. चिटणीस भाषणात म्हणाले, "लोकशाही काय असते ते या बाईंनी आम्हाला शिकवलं," आणि आणखी अर्धा तास बोलले. मधेच तिसरीतली ती मुलगी उठली, वॉकर टकटक वाजवत सरळ मैदानाच्या मधून गेली, तितक्याच सरळ परत आली आणि वाटेत माठापाशी थांबून दोन पेले पाणी प्यायली. बाई भाषण सोडून तेच बघत होत्या.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बाई, राग येऊ देऊ नका. अकरा वर्षांचा जिल्हा एका मतानं गेला. त्या दिवशी तुम्ही पोरांकडे नुसतं डोळे वटारून पाहिलं असतं, तरी दोन-तीन हात खाली आले असते."

"ठाऊक हाय की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तिसरीकडं बघत बसले."