नेहमीसारखा आकडा

स्फोटात पुंडलिकचा डावा कान कायमचा गेला आणि धीरजचा आवाज यायचा तो नेमका त्याच कानात. "दादा, बघून येतो." तारापूरजवळच्या सालवडच्या खोलीत दुपारी एकटा असला की पुंडलिक मागे वळून बघायचा. वळायचं नाही असं रोज ठरवायचा, तरी वळायचा.

तारापूरच्या एका केमिकल कंपनीत दोघं एकाच पाळीला रिअ‍ॅक्टरवर होते. पुंडलिक जळगावकडचा, धीरज तिथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या कोळीवाड्यातला. त्या दिवशी पॅनेलवर तापमानाचा आकडा नेहमीसारखाच होता, पण आतून वेगळीच घरघर येत होती. धीरज बघायला गेला तो स्फोटात गेलाच. पॅनेल जळून कोळसा झालं, चौकशीतून काही निघालं नाही आणि कंपनीला टाळं लागलं. आकडा नेहमीसारखा का होता, हा प्रश्न मात्र पुंडलिकला खात राहिला.

त्याची मुलगी अपेक्षा पालघरच्या कॉलेजात डिप्लोमाच्या मुलांना मायक्रोप्रोसेसर शिकवायची. त्याने तिला विचारलं, पॅनेलच्या आतली चिप विचार कशी करते? ती म्हणाली, विचार नाही करत, सांगितलेलं करते. मग तिने लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच चालणारा एम्युलेटर, म्हणजे एआरएम जातीच्या चिपची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, उघडून दिला. चिप हातात नसतानाही तिच्या पोटातलं सगळं तिथे दिसत होतं. रजिस्टर म्हणजे आकडा ठेवायचे छोटे कप्पे. एका सूचनेने मेमरीतला आकडा कप्प्यात आणायचा, दुसरीने तुलना करायची, तिसरीने निकाल बघून उडी मारायची. बटण दाबलं की एकच सूचना चालायची.

पुंडलिक चिकाटीने शिकला. त्याने स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला: तापमान मर्यादेच्या वर गेलं की धोक्याच्या ओळीवर उडी मारायची, नाहीतर पुन्हा तुलना. चालू असतानाच त्याने मेमरीतला आकडा वाढवला. काहीच झालं नाही. आणखी वाढवला. प्रोग्राम आपला गोल गोल फिरत राहिला.

अपेक्षाने वाकून पाहिलं. "बाबा, तुम्ही आकडा एकदाच वाचलाय, फेऱ्याच्या बाहेर. आत परत वाचायला सांगितलंच नाही. कप्प्यात जुनाच आहे."

"म्हणजे बाहेर आग लागली तरी याला सगळं ठीकच?"

"हो."

आपल्या पॅनेलमध्येही असंच झालं असेल का, पुंडलिकने हळूच विचारलं. अपेक्षा म्हणाली की असंही असेल, सेन्सर खराब असेल, आणखी काही असेल. जळलेल्या पॅनेलमधून आता कुणीच सांगू शकणार नाही.

धीरजच्या आईकडे, रंभाबाईकडे, तो एकदाही गेला नव्हता. काहीतरी उत्तर घेऊनच जायचं म्हणून थांबला होता. उत्तर मिळणारच नाही, हे त्या दिवशी त्याला कळून चुकलं. रविवारी तो नवापूरला गेला.

रंभाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती. यंत्राचं तिने काहीच विचारलं नाही.

"त्याच्याबरबर तुमीच होता ना? काय बोलला तो?"

"बघून येतो म्हणाला."

रंभाबाईचे हात थांबले. "घरातून निघताना पण तेच बोलायचा," ती म्हणाली आणि तिने त्याला बसायला सांगितलं.

आवाज त्यानंतरही येत राहिला. पुंडलिक अजून वळून बघतो. पण आता दर रविवारी तो नवापूरला जातो, आणि तिथे तो आणि रंभाबाई धीरजबद्दल बोलतात.