पायाशी गवत

आमचे एक चित्रकार स्नेही ‘वेदना’ हा शब्द डोळे मिटूनच उच्चारतात. सदर बाजारातल्या चहाच्या टपरीवर ते मला मोबाईलवर युरोपातल्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांची चित्रं दाखवतात. पिंजारलेले केस, साखळ्या, निजायला जमिनीवर पसरलेलं गवत. “काय सोसलंय बघा,” म्हणतात आणि चहात बिस्किट बुडवतात.

एकदा मी त्यांच्याबरोबर एका खाजगी मनोरुग्णालयात गेलो. उमरेडची एक बाई चित्रासाठी बसणार होती. ती बरी झाली होती, पण भाऊ न्यायला येत नव्हता. आपलं चित्र त्याला पाठवलं तर येईल, असं तिला वाटत होतं. म्हणून तेल लावून घट्ट वेणी घातलेली, वर शेवंतीचं फूल.

स्नेह्यांचा चेहरा पडला. “ताई, केस जरा मोकळे सोडता?”

“काहून जी? आत्ताच तं विंचरले.”

“चित्रात वेदना यायला हवी.”

“मंग वेणी घातली तं नाही येत का ते?”

तिने वेणी सोडली नाही. यांनी कागदावर सोडली. केस पिंजारले, डोळे खोल नेले आणि स्वच्छ फरशीवर तिच्या पायाशी गवतही पसरलं.

ती चित्राकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “भाऊ, तुमच्या मोबाईलवर माहा फोटो काढा. हे पाहून तं तो मले जन्मभर इथंच ठेवीन.”

मी फोटो काढला. स्नेही तोवर चित्रावर सही करत होते. सही करताना मात्र त्यांचे डोळे उघडे होते.