नाव सांगा, गाव सांगा

"कोन हाय? नाव सांगा, गाव सांगा, काम सांगा!"

बाबा घरातल्या भिंतीवरच्या डब्यात तोंड घालून असे ओरडत होते, की डब्याची काही गरजच नव्हती. मी बाहेर, नव्या घराच्या बंद दारासमोर, चौकटीवर ठोकलेल्या दुसऱ्या डब्याला कान लावून उभा होतो. तारेतला आवाज मागाहून आला. बाबांचा खरा आवाज त्याआधीच भिंत ओलांडून माझ्या डोक्यावरून गेला होता आणि समोरच्या निंबावरचे कावळे वाशीम सोडून रिठदच्या रस्त्याला लागले होते. ते परत आले नाहीत. त्या निंबावर अजून कावळा बसत नाही. कुणालाही विचारा, फक्त आमच्या गल्लीतल्या माणसाला विचारू नका.

"तुमचा पोरगा," मी डब्याला सांगितलं.

"काम काय?"

"घरात यायचं हाय."

आत थोडा विचार झाला. "थांबा," डबा म्हणाला.

यानंतर डब्यानं गप्प व्हायला हवं होतं. तो झाला नाही. त्यातून बाबा आईला सांगत असलेले ऐकू आले, की आता कोणीही उठून घरात घुसू शकणार नाही. आणि आईचं म्हणणंही आलं, की अहो, ते आपलं पोरगं आहे. समोरच्या ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. डबा ज्यानं बनवला तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस माझ्या बाजूलाच उभा होता. तो धावत आत गेला. डब्याला एक दांडी होती. ती खाली दाबली की घरातलं बाहेर ऐकू जाई, वर केली की बाहेरचं घरात. सोडल्यावर दांडीनं आपोआप वर जायचं, पण तिची स्प्रिंग कुठल्याशा पेटीतून काढलेली, म्हातारी होती. "बोलून झालं का हातानं वर करत जा," त्यानं बाबांना बजावलं. "नाही तं घरातलं सारं बाहीर."

"हव, समजलं," बाबा म्हणाले. बाबांना आयुष्यात जे जे म्हणून समजलं, ते याच आवाजात समजलं.

डब्याचं हे खूळ अकोल्याहून आलं. बाबांचं वाशीमला अडतीचं दुकान. कसल्याशा परवान्यासाठी ते अकोल्याच्या एका मोठ्या कचेरीत गेले. साहेबाच्या खोलीबाहेर बाकावर सकाळपासून बसले. शिपायाच्या टेबलावर एक डबा होता. साहेब आतून बोलायचा, डबा बाहेर बोलायचा. दुपारी डबा म्हणाला, "त्यांना सांगा, नंतर या." बाबा उठले, बसस्टँडवर आले, आणि वाशीम येईपर्यंत सगळ्या बसला डब्याबद्दल सांगत बसले. माणसाला ज्याच्याकडून लाथ बसते त्याच्या पायातली चप्पल आवडते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साहेबाला त्यांनी शिव्या दिल्या, डब्याला एकही नाही.

तेव्हा आमचं घर बांधून होत आलं होतं. सिमेंटचा स्लॅब, गच्चीला जाळीदार कठडा, फरशीत आरशासारखं तोंड दिसे. दाराला काय लावायचं यावर महिनाभर संसद भरली. आईला पितळी कडी हवी होती. आलेला माणूस ती वाजवतो, आपण दार उघडतो, एवढंच तर असतं, असं तिचं म्हणणं. एवढंच असतं म्हणूनच बाबांना ती नको होती.

मग विजेची घंटा लावून पाहिली. ती वाजली तेव्हा गल्लीतल्या तीन म्हशींनी दूध द्यायचं थांबवलं, आणि बाजूच्या घरातले म्हातारेबाबा, जे दहा वर्षं बहिरे होते, त्यांनी विचारलं, आग कुठं लागली? घंटेला दुसरा दोष असा, की गावात वीज असेल त्याच दिवशी पाहुणा यायला हवा. ती परत गेली.

मग दारात बसवायचं काचेचं भिंग आलं. त्यातून बाहेरचा माणूस दिसे, पण नाक वांग्याएवढं आणि बाकीचा देह मागं राईएवढा. आमचे फुफाजी, बाबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, आले, त्यांना दारात काहीतरी चमकलं, म्हणून त्यांनी बाहेरून डोळा लावला. बाबांनी आतून लावलेलाच होता. दोघंही बराच वेळ हलले नाहीत. फुफाजींना डोळे आले, बाबांना दोन दिवसांनी आले. भिंगही गेलं.

आणि मग डबा. तो सेलवर चाले, म्हणजे विजेचा प्रश्न नाही. आता दाराबाहेरच्या माणसाचं चित्र घरात बसून दिसतं म्हणतात. आमच्या डब्यात चित्र नव्हतं, आणि आवाज होता तो सगळ्यांचा एकसारखा. जावई असो की दूधवाला, आत बदकच बोले.

इथंच घोटाळा होता, पण तो बाबांना दिसला नाही. आमच्याकडे ओळखीचा माणूस दारात आला की नाव सांगत नाही. तो म्हणतो, "मी हाव." एवढ्यावर त्याला ओळखायचं असतं. ओळखीच्या माणसाला नाव विचारणं म्हणजे, तू आमचा कोणी नाहीस असं तोंडावर सांगणं. डबा आला आणि आम्ही एकजात सगळ्यांना नाव विचारू लागलो. पहिल्या महिन्यात आईचा मावसभाऊ गेला, बाबांचा लहानपणचा दोस्त गेला. गेले म्हणजे मेले नाहीत. "बरं, येतो," म्हणून ओट्यावरून उतरले, आणि पुढं बाजारात दिसले की दुसऱ्या बाजूनं जायला लागले. बाबा म्हणायचे, फालतू गर्दी कमी झाली.

याआधी आमचा डबा म्हणजे आत्या होती. बाबांची मोठी बहीण. दुकानामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही राहायचो, तेव्हा ती दिवसभर दारात सूप घेऊन बसलेली असे. माणूस वळणावर खोकला की ती आत सांगायची, कोण येतंय आणि कशाला येतंय. रिसोडची बस स्टँडवर थांबली की ती म्हणे, दोन उतरले, एकाच्या पायातली चप्पल नवी आहे, चावून राह्यली. मी धावत जाऊन पाहून यायचो. चप्पल नवीच असायची. ज्याला टाळायचं त्याला ती पाणी देऊन, चार गोष्टी करून असा वाटेला लावायची, की तो जाताना समाधानानं जायचा, आणि बाबा आत पाटावर जेवत असायचे.

पण ती तिथं बसायची ते आमच्यासाठी नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचं सासर रिसोडकडच्या केनवडचं. नवरा लवकर गेला. त्याच सुमारास दिराची बायको बाळंतपणात गेली, आणि ते तान्हं पोर आत्यानं पदराखाली घेतलं. पाच वर्षं वाढवलं. ते तिला मोठ्याई म्हणायचं. मग दिरानं दुसरं लग्न केलं, नव्या बाईला घरात दुसरी आई नको झाली. शब्दाला शब्द वाढला. बाबा गेले, तिथल्या ओट्यावर उभे राहून सगळ्या केनवडला ऐकू जाईल असं भांडले, आणि बहिणीला घेऊन आले. निघताना दीर म्हणाला, आता मूळ येईल तेव्हाच या.

मूळ म्हणजे घरच्या कार्याला बाईला न्यायला आलेलं माणूस. ते आल्याशिवाय बाई जात नाही, मग गाव हाकेच्या अंतरावर का असेना. आत्या रिसोडकडच्या रस्त्याला तोंड करून बसायची. बाजारच्या दिवशी केनवडचं कोणी दिसलं तर विचारायची, पोरगं शाळेत जाते का. मग विचारायची, शेतात जाते का. पुढं पुढं विचारायची, त्याचं लग्न ठरलं का. लग्नाला तरी नेतील, एवढंच तिच्या मनात होतं. दुसरं तिनं आमच्याकडे कधी काही मागितलं नाही.

नव्या घरात बाबांनी तिला मागच्या अंगणाकडची खोली दिली, पंखा दिला. "बाई, आता तुले आराम. दाराचं टेन्शन नाही," ते म्हणाले. बहिणीवर त्यांचा जीव होता. तेच तर वाईट.

त्या दिवशी मी दुकानातून जेवायला घरी येत होतो. गल्लीच्या तोंडापासून दिसलं, आमच्या ओट्यावर एक तरणाताठा माणूस उभा आहे. डोक्याला नवा फेटा, हातात नारळ, बगलेत कागदात बांधलेलं लुगडं. तो डब्याकडे वाकून बोलत होता, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं.

"मी हाव. मोठ्याईले सांगा."

"कोन मोठ्याई? नाव सांगा, गाव सांगा, काम सांगा."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "केनवडहून आलो. न्याले आलो मोठ्याईले."

मी पाय उचलले. "थांबा," डबा म्हणाला, आणि त्यातून बाबांचा आवाज पुढंही येत राहिला. हा आवाज डब्यासाठी नव्हता, आईसाठी होता. दांडी खालीच राहिली होती.

"केनवडचं मूळ येऊन राह्यलं. पाह्य, आता आठवली. स्लॅबचं घर दिसलं तवा आठवली. उभं राहू दे बाहीर. माही बहीन इतके वर्स दारात बसली, केनवडवाल्यायले घडीभर उभं राहाले काय होते? चार खेटे मारू दे, मंग पाहू."

आई काहीतरी म्हणाली. बाबा म्हणाले, "तू चूप बस."

त्या माणसानं डब्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, हे त्यालाच सांगितलं. सांगितलं त्यालाच होतं म्हणा, फक्त बाबांना ते माहीत नव्हतं. तो ओट्यावरून उतरला. मी त्याला गाठलं, हात धरला, आत चला म्हणालो, मोठ्याई मागच्या खोलीत आहे, मागच्या बाजूनं चला. त्यानं हात सोडवून घेतला, रागानं नाही, एखादी काटेरी फांदी बाजूला करावी तसा. स्टँडपर्यंत मी त्याच्यामागं बडबडत गेलो. मी एरवी बोलून बोलून बैल बसवतो, त्या दिवशी मला एक माणूस थांबवता आला नाही. बसमध्ये पाय ठेवताना तो एवढंच म्हणाला, "मामाले सांगजा, उभा राह्यलो होतो म्हना."

घरी आलो तेव्हा बाबा दार उघडून बाहेर आले होते आणि रिकाम्या ओट्याकडे पाहत होते. दांडी वर केल्यावर डब्यातून कोणाचा आवाज आला नाही, म्हणून ते उठले होते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. बाबा आत गेले आणि आधीच वर असलेली दांडी त्यांनी पुन्हा हातानं वर केली.

आत्याला सांगायला मी गेलो. ती तूर निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"उच्चा हाय का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, दारातून वाकून यावं लागलं असतं.

"त्याचा बाप बुटका हाय," ती म्हणाली, आणि तुरीतला खडा उचलून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बाबा केनवडला गेले. मलाही नेलं, कारण एकट्यानं जायची हिंमत नव्हती. तिथल्या ओट्यावर मांडव घालायचं चाललं होतं. दिरानं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, कपाशी कशी आहे विचारलं. नवरदेव, काल ओट्यावर आलेला तोच, समोरून दोनदा गेला, दोन्ही वेळा वाकून पाया पडला. कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बाबांनी चार वेळा विषय काढला, चार वेळा कपाशी आडवी आली. शेवटी बाबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, चूक माझी, बहिणीला न्या. दीर म्हणाला, तुमचं बरोबर आहे पाहुणे, पण परत गेलेलं मूळ पुन्हा धाडत नसतात. आमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडंही नसेल.

नव्हतंच. आमच्याकडंही नव्हतं.

लग्न झालं. वाजंत्री वाशीमचीच होती, आमच्याच गल्लीच्या तोंडावरून गाडीत बसून गेली. सनई वाजवणारा वाटेत सराव करत होता. त्या दिवशी आत्यानं नेहमीसारखा स्वयंपाकात हात लावला, जेवली, भांडी घासली. बाबा जेवले नाहीत. ते एवढे मोठे, एवढ्या आवाजाचे, आणि घरात कुठं ठेवावं हे न कळलेल्या पोत्यासारखे दिवसभर इकडून तिकडं झाले.

संध्याकाळी ते डब्याचे स्क्रू काढायचा पेचकस घेऊन मागच्या खोलीत आले. आत्या दिवा लावत होती. दाराशी उभे राहून बाबा म्हणाले, "बाई, आत्ताच थो डबा उपटून फेकतो. उद्यापासून दार दिवसभर उघडं. तू समोर बसत जा."

आत्यानं वात सारखी केली.

"राहू दे," ती म्हणाली. "येनारा येऊन गेला."